बटाट्याचा श्वास

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात दुपारचा एक वाजला की उपाहारगृहांतील टेबले भरू लागतात आणि डबे उघडले जातात. पुण्या-चिंचवडच्या व्यापारी घरांतून नोकरीसाठी बाहेर पडलेले जैन तरुण-तरुणीही त्या टेबलांवर असतात. त्यांच्या डब्यात कांदा, लसूण, बटाटा नसतो. हे एकदा लक्षात आले की शेजारच्या सहकाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : भेंडी चालते, दुधी चालतो, मग बटाट्याने काय केले? टोपलीत महिना-महिना निपचित पडून राहणाऱ्या बटाट्यात कसला आला आहे जीव?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कुचेष्टा नसते, कुतूहलच असते. उत्तर मात्र अनेकदा 'आमच्याकडे चालत नाही' एवढ्यावर संपते. घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेलेल्या नियमाचे कारण घरातल्याच मुलाला सांगता येऊ नये, याची खंत त्या उत्तरात असते. वास्तविक या प्रश्नाच्या एका भागाचे, म्हणजे टोपलीतला बटाटा जिवंत असतो का याचे, उत्तर विज्ञानाने केव्हाच दिले आहे आणि ते देणाऱ्यांत एका मराठी मुलीचा वाटा आहे.

बाजाराची साक्ष

हिंजवडीहून चाकणला गेले की कारखान्यांच्या पट्ट्यातच कांदा-बटाट्याचा जुना बाजार भेटतो. खेड-आंबेगावच्या शेतांतून आलेला बटाटा येथे उतरतो. बटाटा हाताळणाऱ्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते : माल कोंडला की गरम होतो. हवा न खेळणाऱ्या मोठ्या ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागते. हवा फारच कोंडली तर बाहेरून धडधाकट दिसणारा बटाटा कापल्यावर मधोमध काळा निघतो. आतल्या भागाला प्राणवायू न मिळाल्याने तो भाग मेलेला असतो. शेतकरी कांदाचाळ बांधताना ती जमिनीपासून उचलून, खालून आणि बाजूंनी फटी ठेवून बांधतो, तेही मुख्यतः हवा खेळती राहावी म्हणूनच. शीतगृहातल्या थंडीचा उपयोगही हाच आहे. तेथे बटाट्याचा श्वास मंदावतो, कोंब लांबणीवर पडतो आणि माल महिनोन्‌महिने टिकतो.

मेलेल्या वस्तूला श्वास मंद करावा लागत नाही. बटाटा शेतातून उपटला गेला तरी त्याच्या पेशी जगत राहतात. सालीवरच्या बारीक छिद्रांतून तो प्राणवायू घेतो, कर्बवायू सोडतो आणि साठवलेले पिष्ट हळूहळू खर्च करतो. त्या खर्चातूनच ढिगातली ऊब निर्माण होते. अनुकूल वेळ येताच त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतो.

श्वास नाकात संपत नाही

पण येथे 'श्वास' या शब्दाचा नेमका अर्थ काय? बटाट्याला नाक नाही, फुप्फुस नाही, छाती वर-खाली होत नाही. हे कोडे सोडवायचे तर माणसाच्या श्वासाकडेही नव्याने पाहावे लागते.

आपण श्वास घेतो तो छातीसाठी नव्हे. फुप्फुस हे केवळ जकातनाके आहे. तेथे प्राणवायू रक्ताच्या स्वाधीन होतो आणि रक्त तो शरीरातील अब्जावधी पेशींच्या दारात नेऊन पोहोचवते. खरा व्यवहार पेशीच्या आत होतो. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे, तंतूसारखे वा दाण्यासारखे अवयव असतात. १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तके त्यांना 'तंतुकणिका' म्हणतात.

व्यापारी घराला हा व्यवहार खातेवहीच्या भाषेत चटकन उमगेल. अन्नातून आलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, हा माल आहे. पण पेशीतले कोणतेही काम मालाच्या मोबदल्यात होत नाही. तेथे रोख लागते. त्या रोखीचे नाव एटीपी. कार्ल लोमान यांनी जर्मनीत आणि सायरस फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत, हार्वर्ड येथे, १९२९ साली या रेणूचा स्वतंत्रपणे शोध लावला. स्नायूचे आकुंचन असो, मज्जातंतूचा संदेश असो की नवे प्रथिन घडवणे असो, मोजणी एटीपीतच होते.

माल रोखीत बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला झटपट मार्ग पेशीद्रवात घडतो. ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि हाती दोन एटीपी येतात. याला प्राणवायू लागत नाही, पण मालातली बहुतेक किंमत तशीच पडून राहते. जिना धावत चढल्यावर मांड्या भरून येतात तेव्हा स्नायू या मार्गाचा अधिक आधार घेत असतात. दुसरा मार्ग तंतुकणिकांमधून जातो. त्याला ऑक्सिश्वसन म्हणतात. त्याच ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने एकंदर सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. दोनाच्या जागी तीस, एवढा फरक ज्या भागीदारामुळे पडतो तो भागीदार म्हणजे प्राणवायू.

मुळशीचे पाणी आणि पेशीतील चक्र

तंतुकणिकेत गेल्यावर साखरेचे तुकडे एका चक्रात सापडतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये ते उलगडले, म्हणून त्याला क्रेब चक्र म्हणतात. या चक्रात अन्नातला कार्बन सुटा होऊन कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडतो. आपण जो उच्छ्वास सोडतो त्यातला कर्बवायू म्हणजे काही वेळापूर्वीची भाकरी किंवा कालची डाळ असते.

अन्नातल्या हायड्रोजनकडून मिळालेले इलेक्ट्रॉन मात्र वाया जात नाहीत. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांची एक साखळी बसवलेली असते. पंगतीत एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे भांडे सरकवावे, तसे हे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात. या साखळीत 'सायटोक्रोम' नावाची लोहयुक्त, रंगीत प्रथिने असतात. शेवटचा हात सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराचा. तो इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो आणि त्यातून पाणी बनते. प्राणवायूचे शरीरातले मुख्य काम एवढेच आहे, पण हा शेवटचा हात थांबला तर मागची सारी पंगत खोळंबते. सायनाइड विष इतक्या वेगाने प्राण घेते, कारण ते नेमका हाच हात धरून ठेवते. प्राणवायूचा पुरवठा तुटला तर मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच दगावू लागतात, त्याचेही कारण हेच.

हातोहात होणाऱ्या या देवघेवीतून रोकड कशी तयार होते, हे कोडे पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सोडवण्याचा मार्ग दाखवला. सुरुवातीस त्यांची कल्पना अनेकांना पटली नाही. १९७८ मध्ये तिलाच नोबेल पुरस्कार मिळाला. ती समजायला हिंजवडीकराने लांब जाण्याचे कारण नाही. हिंजवडी मुळशी तालुक्यातली. त्याच तालुक्यातील मुळशी धरणात पाणी उंचावर अडवले जाते, सह्याद्री ओलांडून ते कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे सोडले जाते आणि त्या उतरणीच्या जोरावर चक्रे फिरून वीज तयार होते. तंतुकणिकेतही असेच घडते. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना मिळणाऱ्या शक्तीने हायड्रोजनचे प्रभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या पलीकडे साठवले जातात. परतीची एकच सोयीची वाट असते आणि त्या वाटेवर एक फिरते यंत्र बसवलेले असते. एटीपी सिंथेज हे त्याचे नाव. प्रोटॉन परतताना ते सेकंदाला शंभराहूनही अधिक वेळा फिरू शकते आणि प्रत्येक फेऱ्यात एटीपी घडवते. आपल्या शरीरात एका वेळी एटीपीची शिल्लक जेमतेम काही तोळे असते, पण तीच पुन्हा पुन्हा वापरून, पुन्हा पुन्हा घडवून प्रौढ माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतक्या एटीपीची उलाढाल करतो. इतक्या थोड्या भांडवलावर इतकी मोठी उलाढाल करणारी पेढी दुसरी नसेल.

पर्युषणात अठाई किंवा मासखमण करणाऱ्यांच्या देहातही हीच पेढी चालू असते. अन्न थांबल्यावर यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात सरत येतो. मग शरीर चरबीच्या ठेवीला हात घालते. चरबी केवळ प्राणवायूच्या मार्गानेच खर्ची पडू शकते, म्हणून तपाच्या दिवसांत तंतुकणिकांवरच सारी भिस्त असते. यकृत चरबीपासून जे पर्यायी इंधन तयार करते त्यावर मेंदूही बराचसा निभावून नेतो. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या शरीरात मात्र हा जमाखर्च औषधांमुळे बदललेला असतो. त्यांनी तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे हे श्रद्धेत उणे येणे नव्हे. तो विवेकाचाच भाग आहे.

केंब्रिजमधली मराठी मुलगी

आता पुन्हा बटाट्याकडे. सायटोक्रोमचा माग केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी काढला. कीटकांच्या स्नायूंत, यीस्टमध्ये आणि वनस्पतींतही या रंगद्रव्याच्या खुणा दिसतात, हे त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही एक प्रश्न उरला होता. प्राण्यांच्या पेशीत साखळीचा शेवटचा हात जे काम करतो, तेच काम करणारा हात वनस्पतींतही आहे काय? की झाडे वेगळ्याच मार्गाने श्वास घेतात?

या प्रश्नावर काम करायला १९३७ च्या सुमारास कमला भागवत ही तरुणी केंब्रिजला पोहोचली. तिचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ. बहीण पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेल्या दुर्गा भागवत. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. १९३३ मध्ये अव्वल क्रमांकाने मिळवून कमलाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती.

कमला गप्प घरी बसली नाही. ती बंगळूरला गेली आणि नकाराचे कारण तिने समोरासमोर विचारले. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे होते. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावले गेले. अपमान गिळून तिने श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले, ती नियमित विद्यार्थिनी ठरली आणि त्या संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये तिने एम. एस्सी. पूर्ण केले.

केंब्रिजला तिला वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली. हिल स्वतः त्याच काळात, हिरव्या पानातील हरितलवके प्रकाशात प्राणवायू कसा सोडतात याचा शोध घेत होते. कमलाने घेतला बटाटा. ना हिरवा रंग, ना फूल. अंधारात वाढणारा आणि अंधारातच साठवला जाणारा. वनस्पतीच्या श्वसनाचा अभ्यास करायला तो सोयीचा होता. त्या संशोधनातून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोमची साखळी आणि तिचा अखेरचा हात कार्यरत असल्याचे पुढे आले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचे हिल आणि भागवत या दोघांच्या नावाचे टिपण १९३९ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. कमलाचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत तिची गणना होते.

त्याच वर्षी ती मायदेशी परतली. १९४७ मध्ये विवाहानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईत स्थिरावली आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागली. नीरा, डाळी, कडधान्ये यांसारख्या सामान्य भारतीयाच्या ताटातल्या पदार्थांचे पोषणमूल्य तपासणे हे तिने आपले काम मानले. नीरेवरील संशोधनासाठी तिला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अन्नातील भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करण्याच्या चळवळीतही तिने उत्तरायुष्य वेचले. १९९८ मध्ये तिचे निधन झाले. ज्या घरांत आज मुलीच्या उच्च शिक्षणाचा निर्णय 'पाहू पुढे' म्हणून लांबवला जातो, त्या घरांनी १९३३ सालचा तो नकार आणि १९३९ सालचे ते टिपण जरूर आठवावे. दोहोंत फक्त सहा वर्षांचे अंतर होते.

आगम, विज्ञान आणि सावधपणा

जैन परंपरेत वाढलेल्या वाचकाला या कथेत काहीतरी ओळखीचे वाटल्याखेरीज राहणार नाही. आगमपरंपरेने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले आणि त्या जीवाला चार प्राण सांगितले : स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. नाक-कान-डोळे नसलेल्या जीवालाही श्वास असतो, हे तेथे ठाम सांगितले आहे. कंदमुळांसारख्या साधारण वनस्पतीबद्दल तर गोम्मटसारादी ग्रंथ असे वर्णन करतात की एका देहात राहणाऱ्या अनंत जीवांचा आहार आणि श्वासोच्छ्वास सामाईक असतो.

तरीही येथे सावध राहिले पाहिजे. केंब्रिजमधल्या प्रयोगाने आगमातले विधान 'सिद्ध' केले, असे म्हणण्याचा मोह आवरावा. कमलाबाई विकर शोधत होत्या, जीवतत्त्व नव्हे. पेशी आणि जीव या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. एक प्रयोगशाळेत मोजता येते, दुसरी तिथल्या उपकरणांच्या कक्षेत येतच नाही. आणखी एक अडचण आहे, तीही झाकून ठेवू नये. श्वास हीच कसोटी मानली तर भेंडीही श्वास घेते, तोडलेली मेथीची जुडीही घेते, डब्यातला कोरडा गहूदेखील अगदी मंदपणे का होईना, घेतो. म्हणून 'बटाटा श्वास घेतो' हे त्याच्या त्यागाचे पूर्ण कारण होऊ शकत नाही. परंपरेने कारण दिले आहे ते अनंतकायाचे आणि कंद उपटताना सबंध रोपासह मातीतल्या जीवांच्या होणाऱ्या हिंसेचे. ते कारण श्रद्धेचे आणि संयमाचे आहे, त्याला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.

मग विज्ञानाने दिले काय? विज्ञानाने त्या सहकाऱ्याच्या प्रश्नातले गृहीतक तेवढे दुरुस्त केले. टोपलीतला बटाटा ही निपचित वस्तू नाही. आपल्या हृदयात आणि मेंदूत जी साखळी या क्षणी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देते आहे, तिच्याच जातीची साखळी त्या बटाट्यातही चालू आहे. तो आपल्यासारखाच प्राणवायू घेतो आणि आपल्यासारखाच कर्बवायू सोडतो. आणि तो कर्बवायू घेऊन उन्हात साखर व प्राणवायू परत करणारीही झाडेच आहेत. तत्त्वार्थसूत्रात जीवांच्या परस्पर उपकाराविषयी जे सूत्र आहे, ते वाचताना हा देवाणघेवाणीचा हिशेब मनात आणायला हरकत नाही.

डब्यात काय ठेवावे

हे जाणून घेतल्यावर बटाटा वर्ज्य करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. बटाटा नाकारला म्हणून ताटात टाकून दिलेल्या भेंडीचा हिशेब चुकता होत नाही. लग्नाच्या पंगतीत 'शुद्ध जैन' जेवण ठेवून पातेलीच्या पातेली अन्न उकिरड्यावर गेले, तर कंदमूळ टाळल्याचे समाधान कितपत खरे, हा प्रश्न प्रत्येक घराने आपल्याला विचारावा. फ्रिजमध्ये कुजू दिलेली पालेभाजीही आदल्या दिवशीपर्यंत श्वास घेत होती. जरुरीपुरतेच घेणे आणि घेतलेले वाया न घालवणे, ही यतना भाजीबाजारातच सुरू होते.

हिंजवडीच्या उपाहारगृहात पुन्हा कधी तो प्रश्न आला तर मुलीला आता शांतपणे उत्तर देता येईल. बटाटा जिवंत असतो, तो श्वास घेतो आणि हे दाखवणाऱ्यांत कमला सोहोनी नावाची एक मराठी बाई होती, असे तिने सांगावे. भेंडीही श्वास घेते, हेही सांगावे, कारण अर्धे सत्य सांगून नियमाची बाजू बळकट होत नाही. आम्ही कोठे तरी मर्यादा घालून घेतो, आमच्या पूर्वजांनी ती येथे घातली, एवढे म्हणून तिने डबा पूर्ण संपवावा. त्या उत्तरात विज्ञानही राहील आणि धर्मही.